पासपोर्टवरचं गाव आमचं नाही म्हणाल्या. कुर्द लोकांबद्दल कोणी नीट सांगेल का?

पडवीतून

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते, घराच्या मागच्या दोन खोल्या टुरिस्टना देतो, सीझनला मुंबई-पुण्याचीच माणसं असतात, फॉरेनर क्वचित. या शिमग्याला जर्मनीहून तिघं आली होती, नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. आई सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला पांढरा रुमाल, त्याच्या काठाला बारीक सुईकाम. फॉरेनर आले की पोलिसांसाठी सी फॉर्म भरावा लागतो ऑनलाईन, तर मी ओटीवर बसून तो भरत होते आणि जन्मगाव विचारलं, मुलाने आईचा पासपोर्ट बघून वाचून दाखवलं. तर आजी एकदम मान हलवायला लागल्या आणि दुसरंच नाव म्हणाल्या, दोन-तीनदा म्हणाल्या, छातीवर हात ठेवून. मला वाटलं माझंच ऐकण्यात काही चुकलं. मुलगा म्हणाला नाही, तुम्ही पासपोर्टवर आहे तेच लिहा, गाव एकच आहे, सरकारने नाव बदललं, पण आई ते नवं नाव तोंडातून काढत नाही.

मग कळलं ते कुर्द आहेत, मूळचे तुर्कस्तानातल्या दियारबाकरकडचे. मला कुर्द म्हणजे बातम्यांत कधीतरी ऐकलेला शब्द एवढंच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी अळूवड्या लावत होते तर आजी येऊन पाटावर बसल्या आणि एक पान उचलून त्यात बोटाएवढा भात ठेवून इतकी सफाईने गुंडाळली की मी बघतच राहिले, त्यांच्याकडे द्राक्षाच्या पानांची करतात म्हणे. मी खुणेने सांगितलं घसा खाजेल, चिंच लावा. असं करत करत बोलणं सुरू झालं, मुलगा मध्ये बसून इंग्लिशमध्ये सांगायचा. १९८० ला तिकडे लष्कराने सत्ता घेतली तेव्हा आजींच्या नवऱ्याला पकडून दियारबाकरच्या लष्करी तुरुंगात टाकलं. आजी डोंगरातून खाली उतरून बस पकडून भेटायला जायच्या, भेट काही मिनिटांची, आणि भेटीत फक्त तुर्की बोलायचं असा नियम. आजींना तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या भेटीत त्या काहीच बोलल्या नाहीत, जाळीच्या पलीकडे नवरा अलीकडे ह्या, वेळ संपली, शिपाई म्हणाला चला. मग गावातल्या शाळेत जाणाऱ्या एका पोराकडून त्यांनी तीन शब्द पाठ करून घेतले आणि पुढच्या भेटीला ते घेऊन गेल्या. शेळी, दोन, पिल्लं. घरची शेळी व्याली होती तेवढं तरी नवऱ्याला कळावं म्हणून.

हे ऐकून माझ्या हातातलं पान तसंच राहिलं.

नवरा आठ वर्षांनी सुटला. पुढे १९९३ ला सैनिक गावात आले, गावातल्या पुरुषांनी सरकारच्या बंदुका घेऊन पहारा द्यायचा असं सांगितलं, गावाने नाही म्हटलं, तर घरं जाळली. तिथून शहर, शहरातून जर्मनी.

आणि होमाच्या रात्री, आमच्याकडे भद्रेचा होम लागतो, ढोल सनई चालू, पालखी सहाणेवर, आणि होम पेटला तशा आजी पदराने पुसतात तसं रुमालाच्या टोकाने डोळे पुसत उभ्या. मुलगा म्हणाला आमचा पण असाच असतो, नवरोज, २१ मार्चला, जाळ करून त्याच्याभोवती नाचायचं, आई लहान असताना ते पण लपून करायचे. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं, जे घरापासून लांब असतील त्यांच्या पाठीशी उभा राहा म्हाराजा, आणि सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं तर आजींनी विचारलं हे काय म्हणतायत. मी सांगितलं. त्या पण म्हणाल्या, होय म्हाराजा.

ते गेले पण माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्वतःच्या नवऱ्याशी स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी हा कायदा होता की तुरुंगवाल्यांची मनमानी? गावाचं नाव कशाला बदलायचं? आणि माझा मुलगा नववीत आहे, त्याने मोबाईलवर शोधलं आणि मला विचारतो आई ते अतिरेकी असतात ना, त्याला काय सांगू मला कळलं नाही. कोणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा.

जुना_खलाशी

ताई मी बत्तीस वर्षं जहाजावर काढली, मूळ दाभोळ. मेर्सिन आणि इस्कंदरून ही तुर्कस्तानची बंदरं बऱ्याचदा लागायची. आमच्याबरोबर एक ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला कामगार, होता मार्दिनकडचा, महिनाभर मी त्याला तुर्की समजत होतो, तो पण तसंच सांगायचा. एका रात्री डेकवर चहा पिताना हळूच म्हणाला मी कुर्द आहे. समुद्राच्या मधोमध, आजूबाजूला शंभर मैल कोणी नाही, आणि माणूस आवाज खाली करतो, हे मी विसरलो नाही.

नावाचं म्हणाल तर आडनावं पण तशीच आहेत. १९३४ ला तिकडे आडनावाचा कायदा झाला, आडनाव तुर्की भाषेतलंच पाहिजे. त्यांचा एक मोठा नेता आहे अहमेत तुर्क, माणूस कुर्द, आयुष्य कुर्दांच्या राजकारणात गेलं आणि आडनाव 'तुर्क'. मार्दिनच्या लोकांनी त्याला महापौर म्हणून निवडून दिलं आणि सरकारने काढून टाकलं, २०१६, २०१९ आणि २०२४, तीनदा. परत उभा राहतो, परत निवडून येतो.

निवृत्त_मास्तर_चिपळूण

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून जरा लांब लिहितो. मी तीस वर्षं इतिहास शिकवला, पण कुर्दांबद्दल जे काय वाचलं ते रिटायर झाल्यावर.

कुर्द साधारण तीन ते चार कोटी, तुर्कस्तान, इराण, इराक आणि सिरिया असे चार देशांत वाटले गेलेत. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या सेव्हरच्या तहात त्यांना वेगळ्या देशाची शक्यता लिहून दिली होती, १९२३ ला लोझानचा तह झाला त्यात कुर्द हा शब्दसुद्धा नाही. मग तुर्कस्तानात धोरणच असं झालं की इथे राहतात ते सगळे तुर्क, कुर्दांना कित्येक वर्षं 'डोंगरी तुर्क' म्हणायचे.

आता तुमचा भाषेचा प्रश्न. मनमानी होतीच, पण कायदाही होता. १९८३ चा २९३२ क्रमांकाचा कायदा. गंमत नाही, नीट वाचा, त्यात कुर्दी हे नाव कुठेच नाही. त्यात लिहिलंय की तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली राजभाषा असेल ती सोडून इतर भाषेत विचार मांडायला, छापायला बंदी. इराकमध्ये कुर्दीला स्थान होतं पण दुसऱ्या क्रमांकाचं, त्यामुळे नाव न घेता नेमकी कुर्दी बाहेर. आणि पुढच्या कलमात, तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे. म्हणजे आईने तुम्हाला कुठल्या भाषेत अंगाई म्हटली ते सरकारने ठरवून टाकलं. हा कायदा १९९१ पर्यंत होता. दियारबाकरच्या त्या तुरुंगात तर भेटीच्या जागी पाटीच असायची, तुर्की बोला, भरपूर बोला. त्या काळच्या लष्करी तुरुंगांतली एका आईची गोष्ट तिकडे सगळ्यांना माहीत आहे, तिला तुर्कीतलं एकच वाक्य पाठ करून दिलं होतं, कसा आहेस, आणि भेटीचा सगळा वेळ ती मुलाला तेवढंच विचारत राहिली, दर वेळी वेगळ्या आवाजात. तुमच्या आजींच्या शेळीवरून मला तीच आठवली. १९८२ च्या जुलैत त्या दियारबाकरच्या कैद्यांनी आमरण उपोषण केलं, चार जण त्यात गेले.

आता एक कुटुंब सांगतो ज्याची सगळी नोंद जगासमोर आहे. मेहदी झाना नावाचा शिंपी, १९७७ ला लोकांनी त्याला दियारबाकरचा महापौर केला. १९८० ला लष्कर आलं आणि तो आत गेला. बायको लेयला, चौदाव्या वर्षी लग्न झालेली, तिला तेव्हा तुर्की येत नव्हतं. पदरात पोरं, नवरा एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, आणि ही त्याच्या मागे गावोगाव. तिथे तुरुंगाच्या दारात उभं राहून राहून ती तुर्की शिकली, घरी अभ्यास करून परीक्षा दिल्या, दारात तिच्यासारख्याच उभ्या असलेल्या बायकांच्या बाजूने बोलायला लागली. १९९१ ला खासदार, तुर्की संसदेतली पहिली कुर्द बाई. शपथ घेताना डोक्याला लाल-हिरवी-पिवळी पट्टी, शपथ नियमाप्रमाणे तुर्कीत घेतली आणि शेवटी एक वाक्य कुर्दीत बोलली, की तुर्की आणि कुर्दी लोकांच्या बंधुभावासाठी मी ही शपथ घेतली. सभागृहात आरडाओरडा. १९९४ ला खासदारकीचं संरक्षण काढून अटक, पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेशी संबंधाचा आरोप, १५ वर्षं शिक्षा. १९९५ ला ती आत असतानाच युरोपियन संसदेने तिला साखारोव्ह हा मानवाधिकारासाठीचा पुरस्कार दिला, २००१ ला युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने सांगितलं खटला न्याय्य झाला नाही, तरी सुटायला २००४ उजाडलं. पोरांचा विचार करा. आधी बाप आत, आई बाहेर, मग बाप बाहेर आणि आई आत.

गावांचं राहिलं. तुर्कस्तानात गेल्या शतकात १२ हजारांच्या आसपास गावांची नावं बदलली, म्हणजे साधारण तीन गावांत एक, त्यात अर्मेनियन, ग्रीक, अरबी नावांची पण गेली. एखाद्या अधिकाऱ्याने गुहागर तालुक्याचा नकाशा घेऊन बसावं आणि पालशेत, असगोली, वेळणेश्वर सगळी नावं खोडून दुसऱ्या भाषेतली लिहावी, आणि उद्यापासून एसटीच्या पाटीवर तीच, असं समजा. आणि जाळलेली गावं, १९९८ ला तुर्की संसदेच्याच समितीने मोजली, ९०५ गावं आणि २,५२३ वाड्या रिकाम्या झालेल्या, ३ लाख ७८ हजार माणसं बाहेर. हा सरकारी आकडा, मानवाधिकारवाले याच्या कितीतरी वर सांगतात. आपल्या चाकरमान्याला वर्षातून दोनदा गावची वाट असते, गणपतीला आणि शिमग्याला. यांना ती पण नव्हती.

सरळ_प्रश्न

मास्तर तुमच्याबद्दल आदर आहे पण ही एक बाजू झाली. पीकेकेने शिक्षक मारले, बॉम्ब फोडले, हे पण सांगा ना, ताईंच्या मुलाचा प्रश्न चुकीचा कुठे आहे. उद्या आपल्याकडे कोणी असं केलं तर आपण काय म्हणू.

निवृत्त_मास्तर_चिपळूण

प्रश्न बरोबर आहे आणि मी टाळणार नाही. पीकेके १९७८ ला स्थापन झाली, १९८४ ला तिने बंदूक उचलली, तुर्कस्तान, अमेरिका, युरोपियन युनियन सगळे तिला दहशतवादी संघटना म्हणतात. तिने शिक्षक मारले, पहारा स्वीकारलेल्या कुर्द घरांतली बायकापोरं पण मारली. दोन्हीकडची मिळून चाळीस हजारांवर माणसं गेली. याला मी चांगलं म्हणणार नाही. पण क्रम बघा. भाषा, नावं, गावं यांच्यावर घाला १९८४ च्या साठ वर्षं आधीपासून आहे. आणि मधल्या गावकऱ्याची अवस्था बघा, सरकारी बंदूक घेतली तर रात्री डोंगरातले येऊन मारणार, नाही घेतली तर दिवसा सैनिक घर जाळणार. आजींच्या गावाने नाही म्हटलं कारण समोर डोंगरात गेलेली पोरं पण त्यांचीच, कोणावर रोखणार? मुलाला एवढं सांगा ताई, की संघटना वेगळी आणि तीन-चार कोटी माणसं वेगळी. शेळी व्याली हे नवऱ्याला सांगणारी बाई अतिरेकी कशी होईल.

आणि २०२५ च्या मे महिन्यात पीकेकेने स्वतःच संघटना बरखास्त करत असल्याचं जाहीर केलं, जुलैमध्ये इराकमधल्या सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपल्या बंदुका जाळल्या.

जुना_खलाशी

मास्तरांना जोडून. त्याच जहाजावर एक थर्ड इंजिनिअर तुर्की होता, त्याचा भाऊ सक्तीच्या सैन्य भरतीत गेला आणि तिकडे डोंगरात मेला, वय वीस. तो आणि आमचा कुर्द ऑइलर एकाच टेबलावर जेवायचे. त्या विषयावर सहा महिन्यांत एक अक्षर बोलले नाहीत, पण ऑइलर आजारी पडला तेव्हा त्याची वॉच, म्हणजे ड्युटीची पाळी, थर्डनेच काढली.

मालवणी_झील

माका ह्या वाचून आजयेची आठवण इली. शाळेत मी 'खंय' म्हटलंय म्हणान बाईंनी हातावर पट्टी मारल्यानी, शुद्ध बोल म्हणून. घराक येऊन रडलंय तर आजी म्हणाली शाळेत त्यांचा बोल, घरात माझा बोल. माका तेव्हा तो केवढो अन्याय वाटलेलो. पण आजयेक कोणी तुरुंगात घालूक नाय येवक, दशावतारात आमची भाषा उभ्या गावासमोर मोठ्यान बोलतत. त्या लोकांची नाटकां, गाणी, नावां सगळा चोरून. त्यांच्या अक्षरांत क्यू, डब्ल्यू आणि एक्स आसत, तुर्कीत नाय, म्हणान ती अक्षरा असलेला नाव पोराक कागदावर ठेवूक देयत नव्हते, नवरोज लिहिताना डब्ल्यू वापरलो म्हणान लोकांवर केशी झाल्यो. २०१३ नंतर ही बंदी ढिली झाली. एका अक्षरासाठी केस, इचार करा.

हर्णैवाला

आम्ही दर्यावर जाणारी माणसं म्हणून एवढंच लिहितो. तो २ सप्टेंबर २०१५ चा फोटो आठवतो का, लाल शर्टातलं पोर वाळूत पालथं पडलेलं, अॅलन कुर्दी. तो पण कुर्द होता, सिरियातल्या कोबानीचं घर. तिकडे युद्ध, इस्लामिक स्टेटने शहराला वेढा घातलेला, पळून तुर्कस्तानात आले आणि तिथून बोडरूमच्या किनाऱ्यावरून ग्रीसच्या कोस बेटाकडे निघाले रबरी होडीतून. ते अंतर किती माहितीये, जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे चार-पाच किलोमीटर. हर्णै बंदरातून आमच्या होड्या त्याच्या कितीतरी पट लांब रोज जातात. पण रात्री, ओव्हरलोड होडी, लाटेचा अंदाज नसलेली माणसं. आई गेली, दोन्ही पोरं गेली, बाप एकटा राहिला. त्या दिवशी आमच्या आईने टीव्ही बंद केला आणि जेवली नाही. आमच्याकडे दर्याने माणूस नेलं तर सगळी वाडी किनाऱ्यावर बसते मिळेपर्यंत. त्या बापाच्या बाजूला कोण बसलं असेल.

पाटगौरी

मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. काकूंनी नावाचं लिहिलं म्हणून सांगते, इराणमध्ये २०२२ ला जिच्या मृत्यूनंतर एवढं मोठं आंदोलन झालं ती महसा अमिनी, ती पण कुर्द, साक्केझ गावची. महसा हे कागदावरचं, घरी तिला सगळे जिना म्हणायचे. हिजाब नीट नाही म्हणून तेहरानमध्ये पकडलं, १६ सप्टेंबरला गेली, वय २२. तिच्या दफनाच्या वेळी कुर्दीत घोषणा दिली, 'जिन, जियान, आझादी', बाई, आयुष्य, स्वातंत्र्य, आणि ती नंतर सगळ्या इराणभर गेली, कुर्दी न येणाऱ्यांच्या पण तोंडी.

आणि तुर्कस्तानात अगदी अलीकडचं, सेलाहत्तिन देमिर्ताश म्हणून कुर्द खासदार होते, २०१६ च्या नोव्हेंबरला अटक, २०१८ ला त्यांनी तुरुंगातूनच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, २०२० ला युरोपियन कोर्ट म्हणालं सोडा, सोडलं नाही. घर दियारबाकरला आणि तुरुंग देशाच्या दुसऱ्या टोकाला एदिर्नेला, सुमारे १७०० किलोमीटर. म्हणजे साधारण रत्नागिरीहून दिल्लीला भेटायला जायचं, तासाभरासाठी, आणि परत. बायको शिक्षिका, मुलींना घेऊन वर्षानुवर्षं जात होती. आजींच्या काळात भाषा आडवी आली, इथे अंतर.

आपल्या गावात थिबा पॅलेस आहे, ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८६ ला बायकामुलांसकट इथे आणून ठेवला तो १९१६ ला इथेच मेला. आम्ही लहानपणी तिथे सहलीला जायचो, मला आत्ता हे वाचताना पहिल्यांदा वाटलं की तो बंगला नाही, कैद होती. राजा होता म्हणून त्याला बंगला तरी मिळाला.

पडवीतून

सगळ्यांचे मनापासून आभार, मास्तर तुमची पोस्ट मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवली, तो काही बोलला नाही, पण रात्री विचारत होता की पुढे ती शेळीची पिल्लं कुठे गेली असतील. सरळ_प्रश्न दादा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, माझ्या पण मनात होतं.

काल आजींच्या मुलाला व्हॉट्सअॅपवर मेसेज केला होता, विचारू की नको करत विचारलं की तुमचे वडील कुठे आहेत. तो म्हणाला वडील कोलोनला वारले, पण गावी नेऊन पुरलं, तेव्हा गावात तीन घरं उभी होती, बाकी भिंती. थडग्याच्या दगडावर जन्मगाव म्हणून जुनंच नाव घातलंय. कोरणारा आधी तयार नव्हता, म्हणाला कागदावरचं नाव घालतो. आजी त्याच्यासमोर बसून राहिल्या, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत, मग त्याने कोरलं.

ते नाव त्याने मला बोलून पाठवलंय, मी चार-पाच वेळा ऐकून ऐकून म्हणायला शिकले. इथे टाकू नका म्हणालाय, नातेवाईक अजून तिकडे आहेत. आमच्याकडे पाहुण्यांची एक वही असते, सी फॉर्म वेगळा, ही आमची घरची, नाव गाव आणि काय आवडलं ते लिहायचं. आजींच्या नावापुढे गावाची जागा रिकामी होती, तिथे मी ते देवनागरीत लिहून ठेवलंय.

आणि आजींचा निरोप आहे की जर्मनीत चिंच मिळाली, अळू मिळत नाही.